औषधाची चिठ्ठी आणि तिची साक्ष



ही व्याख्यानमाला ज्या वकिलांच्या स्मरणार्थ चालते, त्यांनी जन्मभर फौजदारी बचावाचे काम केले. म्हणून मी विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एक जण जरा कचरले. बचाव पक्षाच्या एका युक्तिवादावर बोट ठेवायचे आणि तेही बचावाच्या वकिलाच्या स्मृतिदिनी? मला त्यात काही वावगे वाटले नाही. आरोपीला वाचवणे हे वकिलाचे कामच आहे. ते कोणत्या हत्याराने करावे आणि कोणत्या हत्याराला हात लावू नये, हा प्रश्न बचावाच्या वकिलांनीच सर्वांत आधी विचारायला हवा.

लैंगिक अत्याचाराचा खटला चालू आहे. बंद दालनात फिर्यादी स्त्रीची सरतपासणी संपते आणि उलटतपासणी सुरू होते. सुरुवातीचे प्रश्न पत्ता, शिक्षण, नोकरी असे साधे असतात. मग सहज विचारल्यासारखा एक प्रश्न येतो. आपण झोपेच्या गोळ्या घेता का? कधीपासून? कोणत्या डॉक्टरांच्या? ते डॉक्टर मनोविकारतज्ज्ञ आहेत, बरोबर? शेवटी वकील सुचवतात की आपल्याला भास होतात आणि त्या भरात आपण ही फिर्याद दिली. ती ठामपणे नाही म्हणते. नोंद होते: हे म्हणणे खरे नाही की, मला भास होत असल्याने मी खोटी फिर्याद दिली. तिने नाकारले आहे, पण भास आता कागदावर आले. दीड वर्षाने निकालपत्र लिहायला बसलेल्या, कदाचित बदलून आलेल्या न्यायाधीशांच्या हाती तोच कागद पडतो.

हा युक्तिवाद सोलून पाहिला तर एवढाच उरतो: ही बाई मनाने आजारी आहे, म्हणून ती सांगते ते घडलेच नाही. 'आजारी' आणि 'घडले नाही' यांच्यामध्ये जो पूल लागतो, तो कोणी बांधून दाखवत नाही. तो आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आधीच बांधलेला असतो. तिचे डोके ठिकाणावर नाही, असे मोहल्ल्यात कोणी म्हटले की पुढचे काही विचारायची गरज राहत नाही. न्यायालयातही तेवढ्यावर भागते.

या युक्तिवादाची आपल्याकडची वाट समजून घ्यायची तर विदर्भातूनच सुरुवात करावी लागते. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. कायद्याची पुस्तके तो खटला 'मथुरा' याच नावाने ओळखतात. मुलीचे वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. १ जून १९७४ रोजी सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. कारण काय दिले? मुलगी धक्कादायक खोटारडी आहे, तिला शरीरसंबंधांची सवय आहे, आणि आपल्या प्रियकरापुढे आपण सोवळ्या ठरावे म्हणून तिने बलात्काराची गोष्ट रचली. इथे कोणी मनोविकारतज्ज्ञ साक्षीला आलेला नव्हता. मुलीच्या मनात काय चालले होते, हे न्यायाधीशांनी स्वतःच ठरवले, आणि तेवढ्यावर माणसे सुटली.

१२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीने गप्प राहणे आणि राजी असणे यात फरक आहे, हे या शहरातल्या न्यायालयाने तेव्हा स्पष्ट सांगितले. नागपूरकरांनी ही गोष्ट विसरू नये, कारण पुढे जे झाले त्याच्या गदारोळात ती मागे पडली. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी दोघांनाही निर्दोष सोडले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. तो इतिहास आपल्याला ठाऊक आहे. मला त्यातला एकच धागा उचलायचा आहे.

त्या बदलांनी स्त्रीच्या चारित्र्याचे दार हळूहळू बंद करत आणले. फिर्यादी स्त्री चालचलणुकीने वाईट आहे हे दाखवायची मुभा देणारे साक्षीपुरावा कायद्यातले कलम १५५(४) हे २००२ च्या दुरुस्तीने गेले. २०१३ मध्ये कलम ५३-अ आले आणि संमतीच्या प्रश्नावर तिचा पूर्वीचा लैंगिक अनुभव गैरलागू ठरला. उलटतपासणीत तसे विचारण्यालाही बंदी झाली. १८७२ च्या कायद्याची जागा आता भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे. कलमांचे आकडे बदलले, पण या बाबतीत आशय तोच राहिला. मात्र तिच्या मनाच्या पूर्वेतिहासाबद्दल असे कोणतेही कलम नाही. तिचे किती जणांशी संबंध होते हे विचारता येत नाही. ती कोणत्या गोळ्या घेते हे विचारता येते. पूर्वी जे काम चारित्र्याकडून करून घेतले जाई, ते आता औषधाच्या चिठ्ठीकडून करून घेतले जाते. आजच्या व्याख्यानाचे सार विचाराल तर ते हेच.

गंमत अशी की, आपला मूळ कायदा याबाबतीत अजिबात मागासलेला नव्हता. त्यासाठी तुम्हाला एका जुन्या इंग्रजी खटल्याकडे नेतो. मला तो फार आवडतो.

१८५१ साली इंग्लंडमध्ये मनोरुग्णांच्या एका इस्पितळातल्या परिचारकावर मनुष्यवधाचा खटला चालला. त्याने एका रुग्णाला मारहाण केली आणि तो रुग्ण दगावला, असा आरोप. आरोपीचे नाव हिल. सरकारी बाजूचा महत्त्वाचा साक्षीदार कोण, तर त्याच इस्पितळातला डोनेली नावाचा दुसरा रुग्ण. आपल्या भोवती वीस हजार आत्मे आहेत आणि ते आपल्याशी सतत बोलतात, असे हा डोनेली सांगे. साक्षीच्या पिंजऱ्यातही त्याने ते लपवले नाही. पण शपथ म्हणजे काय, खोटी शपथ घेतली तर काय होते, हे त्याला नीट माहीत होते. आणि मारहाण कशी झाली हे त्याने सुसंगत सांगितले. इस्पितळातल्या डॉक्टरांनीही सांगितले की त्या एका भ्रमापलीकडे तो पाहिलेले नीट सांगू शकतो. परिचारक दोषी ठरला. बचावाने वर दाद मागितली की वेड्याची साक्ष घेतलीच कशी? लॉर्ड कॅम्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षा कायम ठेवली. साक्ष देण्याइतकी समज त्याला आहे का, हे न्यायाधीश पाहतील. त्याच्या साक्षीला किती वजन द्यायचे, हे पंच, म्हणजे ज्यूरी, ठरवतील. आणि भ्रम एका विषयाचा असेल तर तो दुसऱ्या विषयावर लादू नये.

त्या निकालात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. डोनेलीची साक्ष फेटाळली असती, तर त्या इस्पितळाच्या भिंतीआड परिचारकांनी रुग्णांना काहीही केले तरी ते सिद्ध करायला साक्षीदारच उरला नसता. तिथे जे राहत होते ते सगळे रुग्णच होते.

पुढे दोन दशकांनी जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी भारतासाठी साक्षीपुराव्याचा कायदा लिहिला. त्यातले कलम ११८ याच वाटेने जाते. प्रश्न समजत असतील आणि त्यांची विचारपूर्वक उत्तरे देता येत असतील, तर मनाचा आजार असलेला माणूसही सक्षम साक्षीदार आहे. नव्या अधिनियमात हे कलम १२४ झाले. म्हणजे दीडशे वर्षांपासून कायदा सांगतो आहे की आजाराचे नाव पुरेसे नाही. त्या माणसाला त्या गोष्टीबद्दल सांगता येते का, ते पाहा.

मग बिघडले कुठे? अमेरिकेत जॉन हेन्री विग्मोर नावाचे साक्षीपुराव्याच्या कायद्याचे मोठे अधिकारी होऊन गेले. १९३० च्या दशकात त्यांनी आपल्या ग्रंथात असे मत घातले की, लैंगिक गुन्ह्याची तक्रार करणाऱ्या मुलीची वा स्त्रीची मानसिक घडण डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय न्यायाधीशांनी प्रकरण पंचांपुढे जाऊच देऊ नये. चोरीच्या फिर्यादीला हा नियम नाही, मारहाणीच्या फिर्यादीला नाही, फक्त हिला. आधार म्हणून त्यांनी डॉक्टरांचे अहवाल दिले. त्यांच्या दबदब्यामुळे हे मत दशकानुदशके न्यायालयांत फिरत राहिले. १९८३ मध्ये ली बीनेन या अभ्यासक स्त्रीने ते मूळ अहवाल शोधून वाचले. त्या मुलींवर खरोखर अत्याचार झाल्याचे दर्शवणारा मजकूर विग्मोर यांनी गाळला होता, असे तिने दाखवून दिले. ज्ञानाच्या नावाखाली पसरलेल्या या मताचा पाया इतका कच्चा होता.

त्याच १९८३ सालचा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल स्त्रियांच्या बाजूचा म्हणून सर्वत्र उद्धृत होतो: भारवाडा भोगिनभाई हिरजीभाई विरुद्ध गुजरात राज्य. फिर्यादी स्त्रीच्या साक्षीला दुसऱ्या पुराव्याची जोड मागणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे, असा त्याचा सूर. सरकारी वकील तो आजही हौसेने वाचून दाखवतात. पण तो सबंध वाचा. पाश्चात्त्य समाजात स्त्री खोटा आरोप का करू शकते, याची एक यादीच त्यात आहे. पैशासाठी, सूडासाठी, प्रसिद्धीसाठी. आणि मानसिक विकृतीने पछाडलेली असल्यामुळे, पुरुष आपल्यामागे लागले आहेत अशी कल्पना करण्यासाठी. मग न्यायालय म्हणते, ही कारणे भारताला सहसा लागू नाहीत. इथली स्त्री अब्रूला जपते, बदनामीच्या भीतीने ती सहसा पुढे येत नाही, म्हणून ती पुढे आली तर तिच्यावर विश्वास ठेवावा.

मला हा निकाल नेहमी अस्वस्थ करतो. निष्कर्ष चांगला आहे, पण वाट धोक्याची आहे. आजारी मन खोटे आरोप रचते हा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला नाही. तो फक्त परदेशी स्त्रीकडे ढकलला. मग जी स्त्री त्या लाजऱ्या, अब्रूला जपणाऱ्या भारतीय स्त्रीच्या चित्रात बसत नाही, तिचे काय? घटस्फोट झालेली, एकटी राहणारी, धरमपेठेतल्या फ्लॅटमधून नोकरीला जाणारी आणि महिन्यातून एकदा मनोविकारतज्ज्ञाकडे जाणारी बाई त्या यादीत अलगद जाऊन बसते.

आता नागपूरचाच दुसरा खटला. १९८१ च्या ऑगस्टमधली घटना. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलेले एक तरुण जोडपे या शहरात उतरले होते. एका पोलीस उपनिरीक्षकाने नवऱ्याला ठाण्यात अडकवले आणि बायकोवर बलात्कार केला. सत्र न्यायालयाने त्याला शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने सोडले, आणि १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोषी ठरवले. महाराष्ट्र राज्य विरुद्ध चंद्रप्रकाश केवलचंद जैन हा तो निकाल. बलात्कारित स्त्री ही गुन्ह्यातली साथीदार नव्हे. मारहाणीत जखमी झालेल्या साक्षीदाराइतकेच तिच्या शब्दाला वजन आहे, हे तत्त्व त्यात पक्के झाले. मात्र तिथेही न्यायालयाने सज्ञान आणि पूर्ण समज असलेल्या स्त्रीबद्दल बोलताना हे म्हटले आहे. हुशार बचावाचा वकील बरोबर तिथेच पाचर ठोकतो: पूर्ण समज? हिला? ही बघा प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाची चिठ्ठी.

ती चिठ्ठी त्याच्यापर्यंत आली कशी? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे सांगतात की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नवरा, दीर, शेजारी, वरिष्ठ, मित्र. त्याला तिचे आजारपण माहीत असते. धंतोलीच्या दवाखान्यात कदाचित तोच तिला गाडीवर सोडायला गेलेला असतो. आणि इथे जरा थांबून विचार करा. हिच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही हे त्याला घटनेनंतर वकिलांनी सांगितले, की घटनेआधीच ठाऊक होते? मनाने आजारी स्त्रिया अत्याचाराला अधिक बळी पडतात, त्यामागे हेही एक कारण असते. बचावाचा युक्तिवाद जे सांगतो, ते हेरूनच आरोपीने तिला निवडलेले असू शकते.

दुसरा पेच उपचारांचा. १९७४ मध्ये अ‍ॅन बर्जेस आणि लिंडा होमस्ट्रॉम यांनी बोस्टनच्या रुग्णालयात बलात्कारानंतर आलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही स्त्रिया रडत, थरथरत होत्या. काही मात्र शांत, आवरलेल्या होत्या. दोन्ही प्रकार सारखेच खरे. पुढे महिनोन्महिने झोप उडणे, दचकणे, घर बदलणे, माणसे टाळणे, हे अनेकींच्या बाबतीत घडले. म्हणजे घटनेनंतर स्त्री मनोविकारतज्ज्ञाकडे गेली, तर ते घडलेल्या गोष्टीशी सुसंगतच आहे. पण उलटतपासणीत ही कागदपत्रे फिरवून वापरली जातात: बाई आजारी आहे, तर हिला काय खरे कळणार? आणि ती डॉक्टरांकडे गेलीच नाही, तर प्रश्न तयार असतो: इतके झाले म्हणता, मग उपचार का घेतले नाहीत? गेली तरी फसली, न गेली तरी फसली.

आमच्या राज्य सरकारने २ ऑक्टोबर २०१३ पासून मनोधैर्य योजना सुरू केली. पीडित स्त्रिया आणि बालकांना आर्थिक मदतीबरोबर समुपदेशनही मिळावे, हा तिचा हेतू, आणि तो स्तुत्यच आहे. पण समुपदेशकाने टिपलेल्या ओळी उद्या न्यायालयात कोणाच्या हाती जातील, याचे स्पष्ट उत्तर कोणत्याही समुपदेशकाला देता येत नाही. वकील आणि अशील यांच्यातले बोलणे आपल्या साक्षीपुराव्याच्या कायद्याने झाकलेले आहे; डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातले नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधल्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला, पण न्यायालयीन आदेशाचा अपवादही ठेवला. कॅनडाने हा प्रश्न १९९० च्या दशकात सोडवला. तिथे ओकॉनर नावाच्या एका बिशपवरील खटल्यात फिर्यादी स्त्रियांच्या समुपदेशनाच्या नोंदी मागण्यात आल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९९७ मध्ये संसदेने कायदा केला. अशा नोंदी हव्या असतील तर बचावाने आधी लेखी अर्ज करायचा, त्या कशाशी संबंधित आहेत ते दाखवायचे. ती खोटे बोलत असेल, एवढे म्हणणे पुरणार नाही. १९९९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. तिथे आरोपींना न्याय मिळणे काही बंद पडले नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मी आडवळणाने मांडणार नाही. बलात्काराला आज किमान दहा वर्षे शिक्षा आहे. पुष्कळदा एकाच साक्षीवर ती द्यायची असते. राय संदीप खटल्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशी साक्ष अस्सल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत न डगमगणारी हवी. काही आजार असे असतात की त्यांच्या तीव्र अवस्थेत माणसाला न घडलेले घडल्यासारखे दिसते. असा भ्रम नेमका अत्याचाराबद्दलचा असू शकतो. निर्दोष माणूस त्यात अडकू शकतो, आणि त्याच्या वकिलाचे तोंड बांधून ठेवणे हा अन्याय होईल. स्त्रीच्या मनाबद्दल कधीही काही विचारू नये असे म्हणणाऱ्यांत मी नाही. प्रश्न विचारावा, पण पुरावा असेल तर.

किती पुरावा? त्याचे माप कायद्यातच आहे, फक्त ते दुसऱ्याला लावले जाते. आरोपी जेव्हा म्हणतो की मी वेडाच्या भरात गुन्हा केला, तेव्हा आपण काय करतो? १८४३ च्या मॅकनॉटन खटल्यापासून चालत आलेला नियम लावतो. सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. पूर्वी उपचार घेतले होते एवढे दाखवून भागत नाही. वैद्यकीय वेड वेगळे आणि कायद्याचे वेड वेगळे, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार बजावले आहे. नेमक्या त्या क्षणी, नेमक्या त्या कृत्याबद्दल त्याला समज नव्हती, हे दाखवावे लागते. हे माप योग्यच आहे. मग तोच बचाव जेव्हा फिर्यादी स्त्रीला वेडी म्हणतो, तेव्हा पाच वर्षांपूर्वीची झोपेच्या गोळीची चिठ्ठी पुरते कशी? आरोपीने स्वतःबद्दल सांगितले तर तज्ज्ञ हवा, तारीख हवी, लक्षण हवे. आणि तिच्याबद्दल सांगितले तर कुजबुजही चालते.

याच युक्तिवादाची उलटी बाजूही पाहायला मिळते. गोव्याच्या तुळशीदास कानोलकर खटल्यात मुलगी मतिमंद होती आणि बचाव होता तिच्या संमतीचा. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. जिला काय चालले आहे हेच समजत नाही, तिची संमती ती कसली? म्हणजे विश्वास ठेवायचा असेल तेव्हा तिला समज नाही, आणि संमती हवी असेल तेव्हा तिला सगळी समज आहे. सोयीप्रमाणे बदलणारी ही समज बचावाच्या वकिलांनीच एकदा नीट तपासून पाहावी.

आणि आजाराचा कागद नसला तर? तर वागणूक आहेच. २१ मे २०२१ रोजी म्हापशाच्या सत्र न्यायालयाने पत्रकार तरुण तेजपाल यांना बलात्काराच्या आरोपातून निर्दोष सोडले. त्या प्रकरणातल्या खऱ्याखोट्यावर मी बोलणार नाही. गोवा सरकारने त्याविरुद्ध अपील केले. पण त्या पाचशेहून अधिक पानी निकालपत्रात, घटनेनंतरच्या छायाचित्रांत तक्रारदार स्त्री हसतमुख दिसते, अत्याचार झालेल्या स्त्रीसारखी वागत नाही, अशी निरीक्षणे आहेत. बर्जेस आणि होमस्ट्रॉम यांनी ज्या शांत, आवरलेल्या स्त्रिया पाहिल्या, त्यांचे म्हापशात काय झाले असते? जास्त रडली तर मनाने कमकुवत, हसली तर खोटी.

सर्वोच्च न्यायालयाची अलीकडची दिशा मात्र चांगली आहे. पतन जमाल वली खटल्यात २०२१ मध्ये एका अंध मुलीच्या, आवाजावरून आरोपीला ओळखण्याच्या साक्षीला न्यायालयाने पूर्ण वजन दिले आणि अपंग स्त्रीची साक्ष दुय्यम मानू नये असे बजावले. महाराष्ट्रातूनच गेलेल्या बंडू ऊर्फ दौलत प्रकरणात मूकबधिर, मतिमंद मुलीची साक्ष होऊ शकली नव्हती, म्हणून उच्च न्यायालयाने आरोपीला सोडले होते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर पुराव्यावर ती शिक्षा परत आणली आणि असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी केंद्रे उभारायला सांगितले. २०२२ च्या स्मृती तुकाराम बडदे प्रकरणात असुरक्षित साक्षीदाराच्या व्याख्येत मानसिक आजार असलेले साक्षीदारही आले. हे सगळे वर ठरले आहे. खाली, तालुक्याच्या ठिकाणी, जिथे टंकलेखक, पंखा आणि चार वकील एका खोलीत असतात, तिथे ते पोचायचे आहे.

ते पोचू शकते, यावर माझा विश्वास आहे, कारण इथल्याच माणसांनी एकदा ते करून दाखवले आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकशास्त्राचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये, स्त्रीला शरीरसंबंधांची सवय आहे का हे ठरवायला डॉक्टर करत त्या दोन बोटांच्या चाचणीवर अहवाल लिहिला. डॉक्टर तपासणीच्या कागदावर कसे अशास्त्रीय शेरे मारतात आणि ते शेरे निकालात कसे उतरतात, हे त्यांनी मांडले. डॉ. रंजना पारधी यांनी नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. पुढे महाराष्ट्राने २०१३ मध्ये आणि केंद्राने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती चाचणी करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल दोषी धरण्यापर्यंत मजल मारली. वर्ध्याच्या एका विभागातून निघालेले काम देशभर गेले. मनाच्या आजाराबद्दल असेच काम आता हवे आहे.

त्यासाठी नवा कायदा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. स्टीफनच्या जुन्या कायद्यात कलम १४९ होते आणि त्याचा आशय नव्यातही आहे: साक्षीदाराच्या विश्वासार्हतेवर घाव घालणारा प्रश्न विचारताना वकिलाकडे त्याला वाजवी आधार असला पाहिजे. आधार नसताना विचारला, तर न्यायाधीश ती गोष्ट उच्च न्यायालयाला कळवू शकतात. १९९६ च्या गुरमितसिंग निकालाने तर न्यायाधीशांना सांगितले आहे की उलटतपासणीत मूक प्रेक्षक होऊ नका. तेव्हा जिल्हा न्यायालयातल्या न्यायाधीशांनी एवढेच करावे: असा प्रश्न आला की विचारावे, कोणता आजार, घटनेच्या दिवशी तो कोणत्या अवस्थेत होता, त्याचा तिच्या पाहण्यावर किंवा आठवण्यावर काय परिणाम, आणि हे कोणत्या डॉक्टरांच्या तोंडून सिद्ध करणार? उत्तर असेल तर प्रश्न जरूर होऊ द्यावा. नसेल तर तो नोंदीत जाऊ देऊ नये, नाकारलेल्या स्वरूपातही नाही.

सरकारी वकिलांना एक व्यवसायाची सूचना. साक्षीदाराला आधी भेटा, तिला आजार असेल तर तो सरतपासणीतच तिच्या तोंडून, तिच्या शब्दांत येऊ द्या. लपवलेली गोष्ट उलटतपासणीत बाहेर आली की तिचा बॉम्ब होतो. आधीच सांगितलेली गोष्ट माहिती राहते. आणि डॉक्टरांनो, केसपेपरवर रुग्णाने सांगितलेले आणि तुम्ही तपासून ठरवलेले वेगवेगळे लिहा. 'नातेवाईक म्हणतात, वागणे विचित्र' ही ओळ चार वर्षांनी कोणाला तरी भारी पडते.

शेवटी, या सभागृहात कदाचित कोणी अशी असेल, किंवा तुमच्या घरी, शेजारी कोणी असेल, जिची फिर्याद न्यायालयात आहे आणि जिला कोणीतरी सांगितले आहे की खटला संपेपर्यंत मनोविकारतज्ज्ञाकडे जाऊ नकोस, कागद तयार होतील. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये दाखवले की आपल्या देशात दर दहा प्रौढांपैकी एकाला मनाचा काही ना काही आजार आहे. त्या सगळ्यांना साक्षीच्या पिंजऱ्याबाहेर ठेवायचे असे कायदा म्हणत नाही. उलट २०१७ च्या कायद्याचे कलम ३, पोटकलम ५ म्हणते की मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कोणालाही विकल मनाचा मानता येणार नाही. तसे सक्षम न्यायालयाने जाहीर करावे लागते. तिला सांगा, उपचार थांबवू नकोस. आणि तिच्या वकिलांना सांगा, साक्षीच्या दिवशी त्या पोटकलमाची प्रत फाईलमध्ये सर्वांत वर ठेवा.